पर्यटन जिल्हा सिंधुदुर्ग : घोषणा, किनारा आणि माणसे

३० एप्रिल १९९७ रोजी महाराष्ट्र सरकारने सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केला. मनोहर जोशी तेव्हा मुख्यमंत्री होते. संपूर्ण जिल्ह्यालाच पर्यटनाचा दर्जा देण्याची ही देशातली पहिली वेळ असे तेव्हापासून सांगितले जाते. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांबीचा किनारा, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे तीन किनारी तालुके, पाण्यातले आणि खाडीच्या मुखावरचे किल्ले, मागे सह्याद्रीची भिंत आणि मध्ये आंबा-काजूच्या बागा. एवढी शिदोरी असलेल्या जिल्ह्याला त्या घोषणेने नेमके काय दिले, हा वाद आजही मिटलेला नाही. घोषणा कागदावरच राहिली असे एक मत आहे. सरकारपेक्षा लोकांनीच पर्यटन उभे केले असे दुसरे मत आहे. आणि जे उभे राहिले ते समुद्राला आणि मच्छीमाराला झेपणारे आहे का, हा तिसरा प्रश्न दरवर्षी अधिक ठळक होतो आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीत बसून या किनाऱ्याचा आढावा घेण्यामागे एक कारण आहे. त्याच १९९७ साली आमच्या येडशी-रामलिंग घाटाला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम साडेबावीस चौरस किलोमीटर. श्रावणी सोमवारी रामलिंगाच्या दरीत उतरणारी गर्दी, पावसाळ्यात धबधब्यापाशी लागणाऱ्या गाड्या आणि जंगल राखायची जबाबदारी यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आम्हालाही पडलेला आहे. शिवाय दिवाळीनंतर शाळांच्या सहली निघतात तेव्हा आमच्या भागातली एसटी सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत फोंडा किंवा गगनबावड्याच्या घाटाने मालवणातच उतरते. मराठवाड्यातल्या कित्येक मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथे. म्हणून सिंधुदुर्गात जे घडले ते समजून घेणे आम्हाला परके वाटत नाही.

घोषणेआधीचा किनारा

या किनाऱ्यावर बाहेरचा माणूस शतकानुशतके येत होता, पण फिरायला नव्हे. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. पुढे किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हा त्यांनी त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. ते नाव टिकले नाही. वाफेच्या बोटींच्या काळात मुंबईहून निघालेली बोट मालवण, वेंगुर्ले करत गोव्याकडे जायची. त्या बोटीतून यायचा तो चाकरमानी. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात. आल्यावर तो स्वतःच्या घरी उतरायचा, पैसे देऊन खोलीत नव्हे. आजचे बरेच पर्यटन या जुन्या येण्याजाण्याच्या वाटेवरच वाढले आहे, हे अनेकदा विसरले जाते.

१९८१ मध्ये रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोली मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत पोचवली. दादर-गिरगावात मालवणी खानावळी रुजल्या. सोलकढी, बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले, कोंबडी-वडे हे पदार्थ घाटावरच्या माणसाच्याही ओळखीचे झाले. वि. स. खांडेकर शिरोड्याला शिक्षक होते, मंगेश पाडगावकर मूळचे वेंगुर्ल्याचे, जयवंत दळवी आरवलीचे, चिं. त्र्यं. खानोलकर बागलांच्या राईचे. मराठी वाचकाच्या मनात हा प्रदेश नकाशावर येण्याआधी पुस्तकांतून आला होता. पर्यटनाचा इतिहास १९९७ पासून मोजायचा की या आधीच्या ओळखीपासून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. गाव माहीत नसताना नुसत्या घोषणेने तिथे कुणी जात नाही.

दर्जा मिळाला, अधिकार कुणाला?

जिल्ह्याच्या निवडीमागे टाटा कन्सल्टन्सीच्या अहवालाचा आधार होता. किनारा, किल्ले, हवामान, गोव्याची जवळीक आणि येऊ घातलेली कोकण रेल्वे या सर्वांचा हिशेब केला तर निवड योग्यच होती. टीकाकारांचा आक्षेप निवडीवर नाही. त्यांचे म्हणणे असे की ‘पर्यटन जिल्हा’ या दर्जामागे वेगळा कायदा नव्हता, जिल्ह्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नव्हते, निधीची कायमची तरतूद नव्हती. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ पासून आहे. त्याने तारकर्लीला निवास उभारला, बॅकवॉटरमध्ये हाउसबोटी आणल्या, स्कूबा प्रशिक्षणाचे केंद्र काढले. पण महामंडळाचे काम राज्यभर पसरलेले. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, जेट्टी मेरीटाइम बोर्डाची, किनाऱ्यावरचे बांधकाम किनारा नियमनाखाली, जंगल वनखात्याचे, मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याची. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारे कुणी नव्हते.

या बाजूचा सर्वांत जड पुरावा जनगणनेतून येतो. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. आसपासचे जिल्हे वाढत असताना सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी घटले. तरुण मुंबई, पुणे, गोवा धरत राहिले. पर्यटनाने गावात रोजगार आणला असता तर हे झाले नसते, असा युक्तिवाद केला जातो. त्याला उत्तर देणारे म्हणतात, जन्मदर घटलेल्या आणि पिढ्यान्पिढ्या स्थलांतराची सवय असलेल्या जिल्ह्यात दहा-पंधरा वर्षांत उलटा प्रवाह दिसण्याची अपेक्षा अवाजवी आहे. २०११ नंतर जनगणनाच झालेली नसल्यामुळे, किनाऱ्यावरचा व्यवसाय ज्या काळात खऱ्या अर्थाने फोफावला त्या काळाचे चित्र आकड्यांत अजून उतरलेले नाही. हे उत्तर मला पटते, पण त्याने पहिला आक्षेप खोटा ठरत नाही.

रेल्वे, पडवी आणि होडी

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत लावून धरलेल्या मागणीची ती परिणती होती. कणकवली, सिंधुदुर्गनगरी, कुडाळ, सावंतवाडी ही स्थानके किनाऱ्यापासून तास-दीड तासावर. मुंबईचा माणूस रात्री गाडीत बसून सकाळी मालवणात नाश्त्याला पोचू लागला. घोषणेपेक्षा ही गाडी अधिक कामाची ठरली, असे म्हणणाऱ्यांत मीही आहे.

मग प्रश्न आला, माणूस उतरणार कुठे? इथून पुढची गोष्ट सरकारी अहवालांपेक्षा घरांच्या पडव्यांतून समजते. देवबागचेच उदाहरण घ्या. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये वाळूची अरुंद पट्टी आणि तिच्यावरून जाणारा एकच रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माडांत घरे. अशा घरांनी मागच्या अंगाला एक-दोन खोल्या वाढवल्या, न्हाणीघर घातले, दारावर पाटी लावली. महामंडळाच्या न्याहारी निवास योजनेने अशा घरांना नोंदणी आणि नाव दिले. स्वयंपाक घरातलीच बाई करते. सकाळी आंबोळी किंवा घावणे, दुपारी सकाळच्या लिलावात मिळाला तो मासा. सुरमई मिळाली नाही तर नाही; त्या दिवशी बांगडा किंवा कर्ली. पाहुण्याला मेनूकार्ड हवे असते, यजमानाकडे ते नसते, आणि बहुतेक वेळा दोघांचे जमते.

घराइतकीच महत्त्वाची होडी. सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसे नेणाऱ्या मालवणच्या होड्या जुन्या. किल्ल्यात पोचल्यावर शिवराजेश्वराचे मंदिर, महाराजांच्या हातापायांचे ठसे, आणि चहूकडे खारे पाणी असून गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. शाळेतली मुले त्या विहिरींपाशी सर्वांत जास्त प्रश्न विचारतात. पुढे डॉल्फिन दाखवणाऱ्या फेऱ्या आल्या, स्नॉर्कलिंग आले, स्कूबा आला. कर्लीच्या मुखाशी वाळूचा एक उंचवटा आहे. तो २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असे स्थानिक सांगतात आणि त्याला त्सुनामी बेट म्हणतात. तिथे जेट-स्की आणि बनाना राइड सुरू झाल्या. ज्याच्याकडे मासेमारीची होडी होती त्यानेच हे धंदे उभे केले. भांडवल बाहेरून आले नाही, निदान सुरुवातीला नाही.

हा नमुना मानणारे अभ्यासक त्याला सिंधुदुर्गाचे मोठे यश म्हणतात. पाहुण्याने दिलेला पैसा गावातच फिरतो, बाईच्या हातात थेट रक्कम येते, जमीन विकावी लागत नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली कांदळवन सफर हे याचे चांगले उदाहरण. तिथल्या स्वामिनी महिला बचत गटाने हाताने वल्हवायच्या होड्यांतून पाहुण्यांना खारफुटी दाखवायला सुरुवात केली. बायका स्वतः वल्हे मारतात, झाडांची ओळख करून देतात, पक्षी दाखवतात. याच पट्ट्यात वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखण्याचे काम उभे राहिले आणि पिल्ले समुद्रात सोडण्याच्या दिवसांत पाहुणे येऊ लागले.

दुर्बल बाजूही तितकीच खरी. कोकणातल्या सातबाऱ्यावर एका तुकड्याला दहा-वीस नावे असतात आणि त्यांतली निम्मी मुंबईत. बँक कर्ज मागायला गेल्यावर संमतीपत्रे गोळा करता करता हंगाम सरतो. हंगामही तोकडा. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो, सप्टेंबरला किल्ल्याची वाट पुन्हा खुली होते, आणि दिवाळी, नाताळ, मे एवढ्या दिवसांत वर्षाची कमाई काढावी लागते. आणि सुरक्षेचा प्रश्न. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. त्यानंतर परवाने, जीवरक्षक जाकिटे, बोटीत किती माणसे घ्यायची यावर कडक भाषा आली. छोट्या व्यवसायाला नियम परवडत नाहीत ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण पाण्यावरच्या जोखमीत सवलत मागता येणार नाही; याबाबत जबाबदार व्यावसायिकांचेही दुमत नाही.

मोठे प्रकल्प : दोन बाजू

दुसरा विचार असा की पडवीतल्या खोल्यांवर जिल्हा उभा राहू शकत नाही. खर्च करणारा पर्यटक गोव्याला जातो, कारण तिथे मोठी हॉटेले, विमानतळ आणि रात्री उशिरापर्यंत चालणारा बाजार आहे. सिंधुदुर्गात आठ महिन्यांची नव्हे, बारा महिन्यांची नोकरी हवी असेल तर मोठी गुंतवणूक लागेल, असे उद्योजक आणि काही लोकप्रतिनिधी सातत्याने मांडतात. हॉटेल व्यवस्थापन शिकलेला कुडाळचा मुलगा पणजीला नोकरी करतो, हा त्यांचा दाखला खोडून काढता येण्यासारखा नाही.

या दिशेने झालेल्या प्रयत्नांचा इतिहास अडखळता आहे. शिरोडा-वेळागर इथे पंचतारांकित हॉटेलसाठी १९९० च्या दशकात जमीन घेतली गेली. स्थानिकांच्या विरोधात आणि वाटाघाटींत तीन दशके गेली. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ताज समूहाच्या प्रकल्पासाठी पुन्हा मार्ग मोकळा केला. मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणी परिसरात शेकडो एकरांवर ‘सी वर्ल्ड’ उभारण्याची योजना आली. गावकऱ्यांनी जमिनी द्यायला नकार दिला, क्षेत्र कमी करण्याचे प्रस्ताव आले, आणि प्रकल्प रेंगाळला. चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. पुढे मुंबईची सेवा खंडित झाली. जानेवारी २०२३ पासून सीमेपलीकडे गोव्याचा मोपा विमानतळही सुरू झाला. बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला तो चिपीइतकाच, किंबहुना जास्त, सोयीचा.

प्रकल्पांच्या बाजूचे लोक यात लाल फीत आणि संशयाचे राजकारण पाहतात. विरोधकांचा मुद्दा वेगळा आहे. त्यांना हॉटेल नको असते असे नाही. जमीन एकदा गेली की नंतर आपण तिथे पगारी माणूस म्हणून उरू, ही भीती असते. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. जिथे जमिनीची मालकीच पक्की नाही तिथे मोबदल्याच्या आश्वासनावर विश्वास कसा बसावा? माझ्या मते या वादाचे मूळ हॉटेलच्या आकारात नसून सातबाऱ्यात आहे. तो आधी सुधारला तर दोन्ही बाजूंना बोलायला जागा होईल.

रापण ते पर्ससीन

किनाऱ्यावर पर्यटकाच्या आधी मच्छीमार होता. त्याच्या बाजूने पाहिले तर सगळा इतिहास वेगळाच दिसतो.

पहाटेची रापण ज्याने पाहिली नाही त्याला हे सांगावे लागेल. होडी किनाऱ्यापासून निघते आणि जाळे अर्धवर्तुळात पाण्यात सोडत परत काठाला येते. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवर. दोन रांगांत माणसे ते ओढतात, एका लयीत, पाय वाळूत रुतवून, आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात. शेवटी जाळ्याच्या पोटात चमचमणारे तारले, बांगडे, कधी नुसती कचरापट्टी. मिळालेल्या मालाचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. म्हातारी बाई दोराला हात लावून गेली तरी तिच्या टोपलीत चार मासे पडतात. आता त्या रांगेत पर्यटकही उभे राहतात, फोटो काढतात. काही रापण संघांना ते आवडते, काहींना दोर सोडून पळणाऱ्या पाहुण्याचा वैताग येतो.

या मासेमारीला मोठा धक्का पर्यटनाने दिला नाही. तो पर्ससीन नौकांनी दिला, हे पारंपरिक मच्छीमार संघटनांचे ठाम म्हणणे आहे. पर्ससीन जाळे माशांच्या थव्याला वेढा घालते आणि खालून दोरी ओढून तोंड बंद करते. अख्खा थवा एका ओढीत. डॉ. सोमवंशी समितीच्या अभ्यासानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन नौकांची संख्या, हंगाम आणि क्षेत्र यांवर बंधने आणली. २०१७ मध्ये प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने बंदी घातली. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा पुढे २०२१ मध्ये अधिक कडक केला गेला. पर्ससीनधारकांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांनी कर्जे काढून नौका बांधल्या, त्यांच्यावर खलाशी आणि बर्फ कारखाने पोसतात, आणि बंधने पाळणाऱ्यांना परराज्यातल्या नौका लुटून नेतात अशी त्यांची तक्रार आहे. अंमलबजावणी दुबळी आहे, यावर मात्र दोन्ही बाजू एकमेकांशी सहमत आहेत.

पर्यटनाशी याचा संबंध इथे जुळतो. मासा बेभरवशाचा झाला तसे होडीवाले पर्यटक नेऊ लागले. एका घरात थोरला भाऊ जाळ्यावर आणि धाकटा स्कूबावर, असे चित्र मालवणात नवे नाही. काहींना यात शहाणपणाची जोड दिसते. काहींना भीती वाटते की दर्यावर्दी समाज हळूहळू समुद्राचा जाणकार न राहता समुद्राचा गाइड होईल. एक-दोन हंगामांच्या कमाईवर याचा निकाल लागणार नाही. पुढच्या पिढीतली किती मुले जाळे विणायला शिकतात यावर लागेल.

पाण्याखालचे अभयारण्य

१९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. गाभा क्षेत्र तीन चौरस किलोमीटरच्या आसपास, बाकी बफर. सिंधुदुर्ग आणि पद्मगड याच पट्ट्यात येतात. इथले प्रवाळ, समुद्री शैवाल आणि खडकांतले जीवन हे त्यामागचे कारण. मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला. पिढ्यान्पिढ्या ज्या पाण्यात होड्या हाकल्या तिथेच गुन्हेगार ठरू, ही त्यांची धास्ती होती. परिणामी अभयारण्य नकाशावर राहिले आणि पाण्यावर फारसे उतरले नाही. पुढे २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मालवण आणि आचरा-रत्नागिरी या पट्ट्यांना अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत घातले; तिथेही स्थानिकांशी चर्चेचा मुद्दा पुन्हा उभा राहिला.

त्यानंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साह्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी प्रकल्प राबवला गेला. लहान मासा निसटून जाईल अशी चौकोनी आसाची जाळी, खेकडा आणि कालव पालन, कांदळवन पर्यटन असे प्रयोग झाले. जंगल राखणारी यंत्रणा आणि मच्छीमार एका खोलीत बसून बोलले, हे माझ्या दृष्टीने या प्रयोगांचे मोठे फलित. येडशीच्या जंगलाबाबतही ज्या वर्षी असे बोलणे होते त्या वर्षी वणवे कमी लागतात, हा आमच्याकडचा अनुभव आहे.

संशोधकांची आजची चिंता मात्र प्रवाळांबद्दल आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात दिवसाला अनेक गट उतरतात. पोहता न येणारा पाहुणा घाबरला की पाय टेकायला काहीतरी शोधतो, आणि ते काहीतरी प्रवाळ असते. होडीचा नांगर पडतो तोही त्यावरच. माशांना पाव-बिस्किटे टाकली जातात. त्यात समुद्राचे पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याचे संकट वेगळेच. व्यावसायिक म्हणतात, आम्हाला बंदी नको, नांगर टाकायला कायमच्या बोयी द्या आणि रोजच्या उतरणाऱ्यांची संख्या ठरवा. मागणी रास्त आहे. ही संख्या कुणी आणि कोणत्या अभ्यासावर ठरवायची, इथे गाडी अडते.

जमिनीच्या बाजूलाही हाच ताण. पश्चिम घाटाबाबत माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ मध्ये. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात खाणी की जंगल हा झगडा न्यायालयापर्यंत गेला; मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या भागातली गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. वरच्या डोंगरातून वाहून येणारी माती शेवटी खाडीतच येते, त्यामुळे किनाऱ्याचा आढावा घाट सोडून घेता येत नाही.

गोव्याशी तुलना

प्रत्येक चर्चेत गोवा येतोच. २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले, त्यांत विदेशी पाच लाखांच्या आत. म्हणजे गोवाही आज मुख्यतः देशी पाहुण्यांवर चालतो, आणि विदेशी पाहुण्यांच्या आशेने आखलेली सिंधुदुर्गाची स्वप्ने त्या आकड्यांच्या उजेडात पुन्हा तपासली पाहिजेत. कळंगुट-बागाची गर्दी, पाण्याचा आणि सांडपाण्याचा ताण पाहून ‘आम्हाला दुसरा गोवा व्हायचे नाही’ असे मालवणात अनेकजण म्हणतात. तेच लोक गोव्यासारखे रस्ते आणि दवाखाने मागतात. दोन्ही मागण्यांत विसंगती नाही. केरळमध्ये कुमरकोमला २००८ पासून स्थानिकांकडून भाजी, मासळी आणि सेवा हॉटेलांनी विकत घ्यायची अशी जबाबदार पर्यटनाची पद्धत बसवली गेली. सिंधुदुर्गात तो विचार अधूनमधून मांडला जातो, पण त्यासाठी लागणारी ग्रामपंचायत पातळीवरची यंत्रणा इथे तशी उभी राहिलेली नाही.

आता कुठे आहोत

गेल्या काही वर्षांत चित्र झपाट्याने हलले आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने किनारा झोडपला, देवबागसारख्या वाळूच्या पट्टीवर धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी तीव्र झाली. बंधाऱ्याने घरे वाचतात, पण रापणीची वाळू जाते आणि लाटेचा मार शेजारच्या गावावर सरकतो, असे किनाऱ्याचे जाणकार सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये मालवणला नौदल दिन साजरा झाला आणि राजकोटावर शिवरायांचा पुतळा उभारला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये तो कोसळला आणि २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. याने येणाऱ्यांची संख्या वाढणार हे उघड आहे. किल्ल्याच्या तटातच काही कुटुंबे राहतात. त्यांच्या घरांचे, वाटेचे, पाण्याचे काय, हे वारसा व्यवस्थापनाच्या आराखड्यात स्पष्ट असायला हवे.

न सुटलेल्या प्रश्नांत मला तीन महत्त्वाचे वाटतात. मोजणीचा प्रश्न आहे. गाडीतून उतरणारा माणूस मोजता येतो, पण पडवीतल्या खोलीत राहिलेला पाहुणा, त्याने दिलेला पैसा आणि त्याने टाकलेला कचरा यांची एकत्र नोंद झाल्याशिवाय कुठल्याच बाजूचा दावा पडताळता येणार नाही. पाण्याचा प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन हंगामात, किनाऱ्यावरच्या विहिरींना खार चढते आणि त्याच दिवसांत प्रत्येक खोलीत दोन वेळची आंघोळ लागते. दुष्काळी मुलखातून येणाऱ्या आम्हाला हे लगेच कळते. आणि निर्णयाचा प्रश्न आहे, जो नौदलातून निवृत्त झालेल्या ‘गुलदार’ या जहाजाच्या निमित्ताने पुन्हा समोर आला आहे. निवतीजवळ हे जहाज समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करायची राज्याची योजना आहे. व्यावसायिकांना त्यात बुडीचा नवा हंगाम दिसतो, काही जीवशास्त्रज्ञांना कृत्रिम प्रवाळाची संधी दिसते, त्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांना आपला आणखी एक तुकडा जाताना दिसतो. तिथे पाहुणे नेण्याचा परवाना मालवण, निवती, वेंगुर्ल्याच्या होडीवाल्यांना मिळणार की निविदा भरणाऱ्या एखाद्या कंपनीला, दिवसाला किती जण उतरणार, आणि जहाजाभोवती किती अंतरावर जाळे टाकायला मुभा राहणार, याचे नियम ज्या बैठकीत लिहिले जातील तिथे रापण संघाचा माणूस बसलेला असेल का, एवढे पाहायचे आहे.